मागचे पाटे बदलताना यू-बोल्ट किती आणि कसे आवळायचे? सेंटर बोल्ट टिकतच नाही

ऊसवाहतूक_वाळवा

गाडी सहाचाकी, दोन एक्सलची. मागे मेन कमान (पाट्यांच्या गठ्ठ्याची स्प्रिंग) आणि तिच्यावर हेल्पर (जादा भाराची छोटी कमान). हंगामात ऊस, एरवी खत नाहीतर सिमेंट. मागच्या डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटतो. नवा टाकला की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. या वेळी कमान उघडली तर मेन पाट्याखालचा दुसरा पाटा बरोबर सेंटरच्या भोकातून तडकलेला निघाला. कारखान्याचं बॉयलर पेटायच्या आत दोन्ही बाजूंच्या कमानी नव्या बसवायच्या आहेत.

कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट एम २० (२० मिमी व्यासाचे), बारीक आट्याचे, ८.८ ग्रेडचे (ताकदीचा दर्जा). विचारायचं ते असं:

नट किती आवळायचे? इथं सगळे पाइप लावून दोघं लोंबकळतात आणि 'झालं' म्हणतात. आट्यांना ऑइल लावायचं का? गाडी जॅकवर असताना आवळायचे की चाकं टेकवून? जुने यू-बोल्ट दिसायला चांगले आहेत, परत वापरले तर चालतील का? आणि नटाला वेल्डिंगचा टाका मारला की ढिला होत नाही म्हणतात, ते खरं का?

कमानदुरुस्ती_मिरज

दादा, रोग तुम्हीच सांगितलाय. पाटा कुठं तुटलाय ते बघितलं की बहुतेक वेळा कारण कळतं. सेंटरच्या भोकातून तडा गेला असेल तर यू-बोल्ट ढिले होते. यू-बोल्टच्या कडेला, जिथं दाब संपतो तिथं तुटला असेल तर भार जास्त झालाय किंवा पाटा थकलाय. डोळ्याजवळ तुटला असेल तर पिन-बुश, ब्रॅकेटची सरळ रेषा आणि आडवा मार बघायचा. तुमचं प्रकरण पहिल्या जातीचं आहे. यात सेंटर बोल्टचा दोष नाही, तो जास्त ग्रेडचा टाकून काहीही होणार नाही.

सेंटर बोल्टचं काम दोनच: पाटे गठ्ठ्यात एका रेषेत धरणं, आणि त्याचं डोकं हौसिंगच्या (एक्सलच्या कवचाच्या) पॅडमधल्या भोकात बसवून एक्सलची जागा दाखवणं. ब्रेकचा आणि ओढीचा जोर त्याने घ्यायचा नसतो. तो जोर पाटे आणि पॅड यांच्यातल्या घर्षणाने पेलायचा असतो, आणि घर्षण येतं यू-बोल्टच्या दाबातून. दाब कमी झाला की पॅडवर कमान मिलिमीटरभर पुढं-मागं सरकायला लागते, तो सगळा कातरमार सेंटर बोल्टवर येतो. खंबाटकीच्या उतारावर भरल्या गाडीचा एक मोठा ब्रेक त्याला पुरतो. शिवाय भोकाजवळ पाटा मुळातच कमजोर असतो. दाब असेपर्यंत तो भाग वाकत नाही म्हणून वाचतो. दाब गेला की तोच भाग वाकायला लागतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

जुने यू-बोल्ट भंगारात घाला, नटासकट. एकदा पूर्ण ताणलेले आटे पुन्हा तेवढा ताण धरतील याची खात्री नसते, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही. तपासायचेच असतील तर नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. मध्ये कुठं अडकला तर आटे ताणले गेलेत. पण चार यू-बोल्टची किंमत आणि एका कमानीची किंमत शेजारी ठेवली की तपासायचीही गरज वाटू नये. पाटे जसे दोन्ही बाजूंचे जोडीने, तसे यू-बोल्टही दोन्ही बाजूंचे.

वेल्डिंगचा टाका? अजिबात नको. ८.८ चा बोल्ट उष्णतेवर कमावलेला असतो, टाक्याजवळ त्याचं कडकपण बिघडतं आणि तिथंच तो ठिसूळ होतो. दुसरं म्हणजे टाका मारलेला नट परत आवळता येत नाही, आणि नव्या कमानीला तर पुन्हा आवळणं लागतंच. टाका नटाला फिरू देत नाही हे खरं. पण दाब जातो तो बहुतेक वेळा नट फिरून नाही, आतला रंग-गंज-माती दबून जाते म्हणून. नट जागच्या जागी, आणि कमान ढिली.

टूलरूम_कुपवाड

आवळण्याचा हिशोब मांडतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच शेवटचा; खालचा आकडा हिशोब कळावा म्हणून घेतलाय.

समजा एम २० ला टॉर्क (आवळण्याचा पीळ) ४०० न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ४१ केजीएम (एक मीटरच्या दांड्यावर ४१ किलो जोर). सूत्र साधं आहे: टॉर्क = घर्षणांक × बोल्टचा व्यास × ताण. कोरड्या, स्वच्छ आट्यांना घर्षणांक ०.२ च्या आसपास धरतात. म्हणजे ४०० ला भागिले (०.२ × ०.०२०), ताण आला १,००,००० न्यूटन. एका पायावर सुमारे १० टन, एका बाजूच्या दोन यू-बोल्टच्या चार पायांवर मिळून ४० टन. एम २० बारीक आट्याचा ८.८ बोल्ट कायमचा न ताणता सुमारे १६३ किलोन्यूटन, म्हणजे साडेसोळा टन सहन करतो. १० टनांवर तो त्याच्या ताकदीच्या साधारण ६० टक्क्यांवर असतो. मार्जिन चांगलं आहे.

आता तोच ४०० वर लावलेला टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'टक' वाजणारा पाना), पण आटे वेगळे:

ऑइल लावलेले आटे, घर्षणांक ०.१५: ताण १३३ किलोन्यूटन. एक तृतीयांश जास्त.
मॉलीची ग्रीस चोपडलेले, घर्षणांक ०.१२: ताण १६७ किलोन्यूटन. बोल्ट हद्दीपलीकडे ताणला गेला, पान्यावर मात्र आकडा तोच.
गंजलेले, मातीचे, जुना रंग अडकलेले, घर्षणांक ०.३: ताण ६७ किलोन्यूटन. पाना 'टक' वाजला, पण दाब दोन तृतीयांशच.

म्हणून ऑइल लावायचं का, याचं उत्तर मॅन्युअलमधला आकडा कोणत्या आट्यांसाठी दिलाय त्यावर आहे. कोरड्यासाठी असेल तर कोरडे, ऑइलसाठी असेल तर नटाच्या तळालाही ऑइल. आणि चारही पायांना एकसारखं. दोन कोरडे, दोन तेलकट हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण खालची प्लेट एका बाजूला जास्त दबते आणि कमान तिरकी बसते.

व्यास वाढला तर? त्याच ग्रेडला टॉर्क व्यासाच्या घनाने वाढतो. एम २२ ला साधारण एक तृतीयांश जास्त, एम २४ ला साधारण १.७ पट. एम २० चा आकडा एम २४ ला लावला तर ती कमान ढिलीच आहे असं समजा.

दोघं लोंबकळण्याचा हिशोबही सांगतो. दोन मीटरचा पाइप आणि त्यावर मिळून १०० किलो जोर म्हणजे २०० केजीएम. गरजेच्या जवळजवळ पाचपट. एवढं होण्याआधीच आटे ओढले जातात, नट 'मऊ' लागायला लागतो आणि तो बसला असं वाटतं. तसं काही नसतं, बोल्ट लांबलेला असतो. लांबलेला बोल्ट रस्त्यावर दाब सोडतो.

डिझेल_सातारा

आमच्याकडे एक इंची इम्पॅक्ट गन आहे. तिने मारले की पुन्हा बघावं लागत नाही. टॉर्क रेंच कोण घेऊन बसणार भर हंगामात?

टूलरूम_कुपवाड

भाऊ, गन नट खाली उतरवायला वापरा, काहीच हरकत नाही. शेवटचा आकडा तिच्यावर सोडू नका. हवेचा दाब, होजची लांबी, सॉकेट किती घासलंय, किती सेकंद दाबून धरलं, यावर तिचा जोर बदलतो. चार नटांवर चार वेगळे ताण येतात. एक इंची गन एम २० बोल्ट सहज ओढून टाकते. नटाचा कोरडा आटा एवढ्या वेगाने फिरवला तर तो चरतो आणि मध्येच धरतो, तेही वेगळंच.

टॉर्क रेंच नसेल तर एक सोपा मार्ग आहे. सांगलीच्या हळद-गुळाच्या बाजारात पोती मोजायला लटकता काटा मिळतो, १०० किलोपर्यंतचा. मजबूत रिंग पाना किंवा सॉकेटचा दांडा घ्या, त्यात पाइप घाला, नटाच्या मध्यापासून बरोबर १ मीटरवर खूण करा. त्या खुणेवर काटा अडकवून पाइपशी काटकोनात ओढा. काट्यावर ४१ किलो आले की ४१ केजीएम झाले. नट खाली, जमिनीकडे तोंड करून असतील तर पाइप आडवा फिरतो, म्हणून पाइपचं स्वतःचं वजन हिशोबात येत नाही. झटका देऊन नाही, सावकाश ओढायचं. कंपनीच्या पान्याइतकं अचूक नाही, पण लोंबकळण्यापेक्षा हजार पटीने बरं.

टॉर्क रेंच असेल आणि जागा नसल्याने पुढं जोड लावावा लागत असेल तर आकडा कमी करायला विसरू नका. रेंचची लांबी ९० सेंमी, त्याच सरळ रेषेत पुढं १० सेंमीचा जोड असेल तर ४०० हवे असताना रेंचवर ४०० × ९० ÷ १०० = ३६० लावायचे. जोड काटकोनात फिरवून लावला तर आकडा बदलावा लागत नाही. आणि या रेंचने नट कधीच सोडवायचे नाहीत. काम झालं की स्प्रिंग सैल करून ठेवायची.

चेसी_कराड

क्रम आणि जॅकचं मी सांगतो, कारण निम्मे घोळ इथंच होतात.

आधी सफाई. आकड्याआधी हे. हौसिंगचा पॅड, खालची प्लेट, कमानीच्या वरची प्लेट आणि मधला पाचर-पॅड असेल तर तो, सगळं वायर ब्रशने धातूपर्यंत साफ करा. नवे पाटे काळ्या रंगात येतात. दाबाखाली येणाऱ्या जागेवरचा जाड रंग खरवडून काढा. जाड रंगाचे थर एकावर एक आले की भार पडल्यावर ते दबतात आणि आवळलेला ताण तेवढा कमी होतो. हे आपोआप होतं, नट जागचा हलत नाही. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस लावायची तर टोकांकडे, जिथं पाटा पाट्यावर सरकतो तिथं. मधल्या दाबाच्या पट्ट्यात ग्रीस नको. घर्षण जिथं हवं तिथंच लोक चोपडतात!

पाटे गठ्ठा करताना दोन सी-क्लॅम्पने किंवा व्हाइसमध्ये दाबून घ्या आणि मगच सेंटर बोल्ट आवळा. सेंटर बोल्टने पाटे ओढून जवळ आणायचे नाहीत, त्याने तो सुरुवातीलाच ताणला जातो. क्लिपचे (पाट्यांचा गठ्ठा बाजूने धरणाऱ्या पट्टीचे) बोल्ट: मधली नळी विसरू नका, नळी नसेल तर क्लिप पाट्याला चिमटते आणि पाटा सरकत नाही. या बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला, नट आतल्या बाजूला. उलटं बसवलं आणि आट्याचं टोक जास्त बाहेर आलं तर टायरला घासतं.

आता बसवणं. चेसी घोड्यांवर (पक्क्या टेकूंवर), एक्सल वेगळ्या जॅकवर, पुढच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये हे सांगायला लागू नये, पण सांगतो. कमानीचे दोन्ही डोळे पिनवर घ्या, मग एक्सल हळूहळू वर घेत सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात बसवा. बसलं का ते बोटाने किंवा आरशाने बघा. डोकं भोकाच्या काठावर टेकलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर सगळं घट्ट वाटतं आणि पहिल्या खड्ड्यात ते आत सरकतं. मग चारही पाय एकदम ढिले.

यू-बोल्टचे दोन्ही पाय समांतर हवेत आणि वाक वरच्या प्लेटवर पूर्ण टेकलेला हवा. पाय फाकलेला असेल तर घणाने ठोकून बसवू नका, गॅसने तापवून तर मुळीच नाही. माप चुकलंय, दुसरा आणा. कडक सपाट वायसर आणि उंच नट वापरा. स्प्रिंग वायसर या कामाचा नाही.

क्रम असा. वरून बघितल्यासारखे चार पाय: पुढचा आतला, पुढचा बाहेरचा, मागचा आतला, मागचा बाहेरचा. नट हाताने टेकवा. मग पुढचा आतला, मागचा बाहेरचा, पुढचा बाहेरचा, मागचा आतला. फुलीच्या क्रमाने. पहिला फेरा १०० न्यूटन-मीटर, दुसरा २००. प्रत्येक फेऱ्यानंतर चारही पायांचे नटाबाहेर आलेले आटे पट्टीने मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर प्लेट तिरकी ओढली जातेय, ढिलं करून पुन्हा.

इथं थांबून एक्सल चौकोनात आहे का बघा. दोन्ही बाजूंना पुढच्या पिनच्या मध्यापासून हौसिंगवरच्या एकाच ठिकाणापर्यंत टेप लावा. तीनेक मिलिमीटरच्या आत फरक असला तर पुढं जा. जास्त असेल तर आत्ताच शोधा. पूर्ण आवळल्यावर कोणी परत उघडत नाही आणि मग गाडी तिरकी पळते, टायर खाते.

मग गाडी चाकांवर टेकवा, सपाट जागेवर. हँडब्रेक सोडून मीटरभर पुढं-मागं ढकला, कारण भार पडल्यावर कमान सपाट होते, लांबते, एक्सल थोडा सरकतो. चाकं अडवलेली असली तर तो ताण कमानीत अडकून राहतो. पुन्हा दगड लावा, आणि आता ३०० व ४०० चे फेरे त्याच फुलीने. जॅकवर लोंबकळणाऱ्या कमानीवर शेवटचा आकडा लावला तर पाटे भाराखाली आणखी बसतात आणि दाब कमी होतो. चौथ्या फेऱ्यानंतर चारही नटांवर ४०० चा पाना एकदा गोल फिरवा. शेवटचा नट आवळताना पहिला नट थोडा हलका झालेला असतो, तो तिथं सापडतो.

ऊसवाहतूक_वाळवा

चेसीदादा, फुलीचं आणि टेकवून आवळायचं समजलं. दोन गोष्टी: डबल नट लावला तर पुन्हा आवळायची गरज राहते का? आणि पिनचे नट कधी आवळायचे? आमच्या गाडीला मागे पितळी बुश आहेत, भावाच्या नव्या गाडीला रबरी.

कमानदुरुस्ती_मिरज

डबल नट नटाला फिरण्यापासून अडवतो, दाब धरत नाही. दाब मुख्य नटाचा. आत रंग-माती दबली की दोन्ही नट आपापल्या जागी घट्ट असूनही कमान ढिली होणार. लावायचा तर मुख्य नट पूर्ण आकड्यावर घेऊन मग वरचा. तपासताना वरचा काढून मुख्य नट बघावा लागतो, आणि ते कोणी करत नाही. मला विचाराल तर एकच उंच नट, आणि नटापासून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ. सकाळी ड्रायव्हरला वाकून एक नजर टाकता येते.

पितळी बुश आणि ग्रीस निपल असलेल्या पिनला वेळेचं बंधन नाही. पिन बुशमध्ये फिरते, ब्रॅकेटमध्ये तिला कॉटरने (अडकवणीच्या खिळीने) धरलेलं असतं. कॉटर पूर्ण बसला का आणि डोळ्याच्या दोन्ही कडांना थोडी मोकळीक आहे का एवढं बघा. ग्रीस मारताना भार उचललेला असेल तर पिनच्या दाबाच्या बाजूलाही ती जाते. दोन्ही कडांनी ताजी ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. एका कडेने येत नसेल तर पिनची वाट बुजलीय.

रबरी बुशची गोष्ट उलटी. तिथं बुशची आतली नळी नटाने ब्रॅकेटमध्ये पक्की होते आणि हालचाल रबर पिळून होते. गाडी जॅकवर असताना, कमान लोंबकळत असताना ते नट आवळले तर ती स्थिती रबराची 'शून्य' होते. गाडी टेकवली की रबर कायम पिळलेलं राहतं, वर खड्डे. लवकर फाटतं. म्हणून भावाच्या गाडीचे पिन-नट चाकं टेकवून, मीटरभर हलवून, मगच.

चेसी_कराड

हेच दहाचाकीच्या टॉर्क रॉडला (एक्सलला फिरू न देणारा दांडा). रॉडच्या टोकांना रबर असतं, त्यांचे बोल्ट गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना आवळायचे. बोगीत (मागच्या दोन एक्सलच्या जोडीत) कमान उलटी बसते, मधोमध ट्रनियनच्या (आडव्या दांड्याच्या) सॅडलवर, आणि यू-बोल्ट तिला सॅडलला धरतात. तिथला व्यास मोठा, आकडा वेगळा. सहाचाकीचा आकडा लावू नका. रॉडचे बोल्ट ढिले असले तर ब्रेक मारताना एक्सल फिरायला बघतो आणि त्याचा मार पुन्हा यू-बोल्टवर येतो.

ब्रॅकेटचे चेसीला लागणारे बोल्टही तपासा. भोक लंबगोल झालं असेल तर ते रीमरने गोल करून पुढच्या मापाचा बोल्ट. भोक भरायला चेसीवर वेल्डिंग नको.

डिझेल_सातारा

बरं, गन बाजूला ठेवली. पुन्हा आवळायचं ते किती किलोमीटरनंतर?

टूलरूम_कुपवाड

सर्वसाधारण गाडीला ५०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान एकदा, मग प्रत्येक सर्व्हिसला. पण उसाच्या गाडीला हा किलोमीटरचा हिशोब फसवा आहे. शेतातून कारखान्यापर्यंतच्या खेपा छोट्या, त्यातही पहिला टप्पा सरीतून नाहीतर पाणंद रस्त्यावरून. ५०० किलोमीटर भरेपर्यंत कमान किती वेळा पूर्ण दबून उठली त्याला गणती नाही. म्हणून पहिली भरलेली खेप खाली झाली की त्याच संध्याकाळी एकदा बघायचं, आठवडाभराने पुन्हा, मग नेहमीच्या वेळापत्रकाने. चिपळूणला कुंभार्ली घाटातून जाणाऱ्या गाडीलाही हेच.

बघायचं कसं? नट सोडवून पुन्हा आवळायचा नाही. पाना ४०० वर लावा, आवळायच्या दिशेनेच सावकाश ओढा. नट न हलता 'टक' आला तर ठीक. हलला तर जितका हलला तितका दाब गेला होता. पहिल्या खेपेनंतर थोडा हलणं हे नेहमीचं आहे, पाटे बसतायत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पण हलत असेल तर आवळत राहू नका, उघडून बघा: पॅडवर घाण, वाकलेली खालची प्लेट, किंवा ताणलेला बोल्ट यातलं काहीतरी आहे. गंजाची तांबडी धूळ पाट्यांच्या फटीतून यू-बोल्टजवळ दिसली तरी तेच समजा. ते आत सरकल्याचं लक्षण.

घर्षणाचा एक ढोबळ हिशोब देतो म्हणजे हा आग्रह का ते कळेल. मागच्या चार टायरच्या एक्सलला २०१८ पासून ११.५ टन मान्य आहेत, त्याआधी १०.२ होते. एका बाजूला पावणेसहा टन. जोराचा ब्रेक लागला आणि टायरने त्याच्या ६० टक्के पकड घेतली तर साडेतीन टनांचा धक्का पॅड आणि कमानीमधून जातो. ४० टन दाब असेल तर पोलाद-पोलाद घर्षण ०.१५ धरून ६ टन धरून ठेवता येतात. निम्मा दाब गेला की ३ टन. उरलेला अर्धा टन सेंटर बोल्ट घेतो, प्रत्येक ब्रेकला, पुढं-मागं. आणि भार ११.५ वर थांबत नाही हे हंगामात सगळ्यांनाच माहीत आहे.

ऊसवाहतूक_वाळवा

भाराचा विषय निघालाच आहे तर, दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालायचा विचार आहे. त्याला यू-बोल्ट केवढे लागतील?

कमानदुरुस्ती_मिरज

जादा पाट्याने कमान कडक होते, एक्सलची, टायरची आणि ब्रेकची ताकद आहे तेवढीच राहते. पासिंगचं वजनही वाढत नाही. रिकामी गाडी जास्त उसळते आणि तो मार ब्रॅकेटला जातो. माझं मत, नका घालू. कंपनीच्या पाट्यांची संख्या आणि जाडी तीच ठेवा.

तरी मापाची पद्धत सांगतो, कारण जुन्याच कमानीलाही ती लागते. दुकानात जाताना पाच गोष्टी लिहून न्या: दांड्याचा व्यास, दोन पायांमधलं आतलं अंतर, वाकाच्या आतल्या बाजूपासून पायाच्या टोकापर्यंत लांबी, आट्यांची लांबी, आणि वाक गोल आहे की चौकोनी. लांबीसाठी पाटे क्लॅम्पने दाबून गठ्ठ्याची उंची घ्या, त्यात वरची प्लेट, हौसिंग, खालची प्लेट, वायसर आणि नट मिळवा, वर दोन-तीन आटे बाहेर राहतील एवढं. जास्त लांब यू-बोल्ट 'कामाला येईल' म्हणून घेऊ नका. खाली लोंबणारं टोक बांधाला, दगडाला आपटतं आणि आटे मरतात.

आट्यांच्या लांबीकडे मुद्दाम लक्ष द्या. आटे कमी असतील तर नट आटे संपतात तिथं, साध्या दांड्यावर जाऊन अडकतो. पाना आकडा दाखवतो, 'टक'ही येतो, पण कमानीवर दाब शून्य. पाटा काढून टाकलेल्या किंवा पाटे घासून गठ्ठा बारीक झालेल्या कमानीत हे हमखास होतं. नटाच्या वरच्या बाजूलाही दोनेक आटे मोकळे दिसले पाहिजेत.

ऊसवाहतूक_वाळवा

आज दोन्ही बाजू उघडल्या. डाव्या पॅडचं सेंटरचं भोक लंबगोल झालंय, पुढं-मागं ४ मिमी जास्त. उजवं ठीक आहे. गॅरेजवाला म्हणतो वेल्डिंगने भरून घेऊ.

चेसी_कराड

भरू देऊ नका. हौसिंगच्या पॅडवर वेल्डिंग केलं की पॅड वाकतो, सपाटपणा जातो, आणि हौसिंगच्या नळीला उष्णता लागते ती वेगळी. मशीनशॉपमधून मॅग्नेटवाला ड्रिल आणून भोक मूळ मध्यावर मोठं, गोल करून घ्या आणि त्यात पोलादी रिंग दाबून बसवा, आतलं माप सेंटर बोल्टच्या डोक्याला हलकं सरकून बसेल एवढं. मूळ मध्य उजव्या पॅडवरून आणि पिनपासूनच्या मापावरून काढा, लंबगोल भोकाच्या मध्यावरून काढू नका, ते मागं घासलेलं असतं. रिंग पॅडच्या पातळीपेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे. वर आली तर कमान रिंगवर टेकेल, पॅडवर नाही, आणि पुन्हा पहिलंच. बसवल्यावर पॅडवर सरळ पट्टी ठेवून उजेड दिसतो का बघा. उजेड दिसला तर पॅड घासून सपाट केल्याशिवाय कमान चढवू नका.

ऊसवाहतूक_वाळवा

कुपवाडला रिंग करायला टाकली. यू-बोल्ट आठ पाय, नट आठ, वायसर आठ, सेंटर बोल्ट दोन, सगळं नवीन आणलं. काटाही आणलाय, १०० किलोचा.

टूलरूम_कुपवाड

काटा वापरण्याआधी त्यावर ओळखीचं वजन लटकवून बघा, सिमेंटचं ५० किलोचं पोतं चालेल. काटा दोन किलो खोटा असेल तर तेवढं धरून चालता येतं. सात-आठ किलो खोटा असेल तर परत करा.